दरमहा की दरसाल?



परीक्षा जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या अक्षरांत लिहिलेला असतो. आम्ही फार शिकलो नाही, मग मुलांचा अभ्यास घ्यायचा कसा? या वेळी सेलू तालुक्यातल्या एका भगिनीने तो जरा वेगळ्या तऱ्हेने विचारला आहे. मुलगी दहावीत, मुलगा आठवीत. मुलीला इंग्रजीच्या उताऱ्याची धास्ती, मुलाचे घोडे चक्रवाढ व्याजाशी अडलेले. नवरा-बायको दोघेही रोजंदारीवर. दोघांपैकी एकाचीच शिकवणी लावण्याइतके पैसे निघतात, तर ती कोणाची लावू?

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ घरांत आधीच ठरलेले असते आणि ते मुलाच्या बाजूचे असते. मुलीने कशीबशी दहावी काढली तरी पुरे, मुलाला मात्र पुढे शिकवायचे! या भगिनीने तसे न करता विचारले, हेच मोठे. ताई, माझे उत्तर असे की शिकवणीचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि दोघा भावंडांना एका चटईवर बसवा. तुमच्या दोन्ही मुलांना अडचण एकच आहे. मुलीला इंग्रजी कमी येते आणि मुलाला गणित कमी येते असे तुम्हाला दिसते. प्रत्यक्षात दोघेही वाचताना घाई करतात. समोर लिहिलेले काय आहे आणि विचारले काय आहे, हे पाहायच्या आधीच त्यांची पेन्सिल चालू लागते.

आठवीच्या पुस्तकातला चक्रवाढीचा धडा उघडा. गणित साधारण असे असते. १०,००० रुपये द.सा.द.शे. १० दराने ३ वर्षांसाठी ठेवले, तर चक्रवाढ व्याज किती? पहिल्या वर्षाअखेर रास ११,०००. दुसऱ्या वर्षी व्याज १०,००० वर नाही तर ११,००० वर, म्हणजे १,१००; रास १२,१००. तिसऱ्या वर्षी १,२१०, रास १३,३१०. यात न येण्यासारखा गुणाकार एकही नाही. मग गुण जातात कुठे? प्रश्नात व्याज विचारलेले असते आणि मुलगा रास लिहून मोकळा होतो. उत्तर ३,३१०, वहीत १३,३१०. किंवा ‘दर सहामाहीस आकारणी’ हे शब्द नजरेखालून निसटून जातात. तेच १०,००० रुपये, तोच १० चा दर, पण सहामाही आकारणी असेल तर दर सहा महिन्यांना ५ टक्के दोनदा लागतो आणि वर्षाअखेर ११,००० ऐवजी ११,०२५ होतात. पंचवीस रुपयांचा फरक, पण गुण सगळे जातात.

तिसरी चूक मात्र आपल्या घरातून शाळेत जाते, आणि तिच्याबद्दल गाईडात कोणी लिहीत नाही.

सावकाराचे तीन आणि पुस्तकातले तीन

आपल्या वस्तीत कोणी ‘तीन टक्क्यांनी पैसे काढले’ म्हटले, तर ते तीन टक्के महिन्याचे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पुस्तकातले तीन टक्के वर्षाचे असतात. द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा. ही चार अक्षरे मुले मंत्रासारखी वाचून पुढे जातात, त्यातला ‘साल’ कोणी उच्चारतच नाही. बँकेची भाषा वर्षाची, सावकाराची भाषा महिन्याची, आणि मूल दोन्हीच्या मध्ये उभे!

हिशेब करून पाहा. १०,००० रुपये दरसाल ३ टक्क्यांनी घेतले तर वर्षाचे व्याज ३०० रुपये. तेच दरमहा ३ टक्क्यांनी घेतले आणि दर महिन्याचे व्याज थकून मुदलात मिळत गेले, तर बाराव्या महिन्याअखेर देणे होते सुमारे १४,२५८ रुपये. दोन वर्षांनी सुमारे २०,३२८. तीन वर्षांनी सुमारे २८,९८३. चार वर्षांनी ४१,००० च्या वर. पहिल्या वर्षी देणे चार हजारांनी वाढले, चौथ्या वर्षी बारा हजारांनी वाढले, आणि या चार वर्षांत दर एका पैशानेही बदललेला नाही. ज्याला गणितात घातांकी वाढ म्हणतात ती हीच. वाढीवर वाढ. मुलांना ही वाढ समजावून सांगायला शिकवणीचे मास्तर लागत नाहीत, घरातल्या आजोबांना विचारा. त्यांनी ती सोसलेली असते.

किती दिवसांत रक्कम दुप्पट होईल याचा एक सोपा आडाखा आहे. ७२ ला दराने भागा. दरमहा ३ टक्के असेल तर ७२ भागिले ३ म्हणजे २४ महिने. दरसाल ८ टक्के असेल तर ९ वर्षे. हा आडाखा अंदाजाचा आहे, पेपरात उत्तर म्हणून लिहायचा नाही. पण आपले उत्तर वेडेवाकडे तर आले नाही ना, हे तपासायला फार उपयोगी पडतो.

जुन्या काळी दामदुपटीचा नियम होता. व्याज कितीही साठले तरी एका वेळी मुदलाहून जास्त व्याज वसूल करता येऊ नये, असा. मुंबई इलाख्यातली इंग्रज अमदानीतली न्यायालयेसुद्धा तो मानत. ज्यांनी हा नियम केला त्यांना चक्रवाढीचा स्वभाव चांगला कळलेला होता. पण रोख्यावर काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नव्हते, त्याला या नियमाचा काय उपयोग? मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले तेव्हा त्यांचा पहिला राग कागदांवर होता. त्यांनी कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. त्यानंतर चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून तो कायदा इकडे लागू नव्हता. कर्जाचे कागद मात्र इकडेही होतेच.

आज कागद बदलले आहेत. बचत गटातल्या भगिनींना ‘घटत्या शिलकीवर व्याज’ आणि ‘सपाट दर’ यांतला फरक आठवीच्या मुलाकडून काढून घेता येईल. १२,००० चे कर्ज, १२ महिने, दरमहा २ टक्के, महिन्याला १,००० मुद्दल फेड. सपाट दराने व्याज २,८८०. घटत्या शिलकीवर १,५६०. दोन्ही ठिकाणी तोंडी सांगताना ‘दोन टक्के’ असेच सांगतात! कागदावर सही करण्याआधी मुलाला तो वाचायला लावा, त्याचाही अभ्यास होईल.

दुपटीचा पाढा

आपल्या आधीच्या पिढीला पावकी, निमकी, दिडकी पाठ असे. आताच्या मुलांना मी आणखी एक पाढा पाठ करायला सांगतो. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, १२८, २५६, ५१२, १,०२४. दहा वेळा दुप्पट केले की हजारपट होते, ही एक गोष्ट मनात बसली की घातांकाचे निम्मे भय जाते.

बुद्धिबळाच्या पटाची जुनी गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. पहिल्या घरावर एक दाणा, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर चार. आपण ती आपल्या ज्वारीवर करून पाहू. हजार दाण्यांचे वजन साधारण ३० ग्रॅम धरा. अकराव्या घरावर १,०२४ दाणे, म्हणजे मूठभर. एकविसाव्या घरावर १०,४८,५७६ दाणे, म्हणजे सुमारे ३१ किलो. एका माणसाला डोक्यावर घेता येईल असे पोते. एकतिसाव्या घरावर सुमारे ३२२ क्विंटल, त्याला ट्रक लागतील. एकेचाळिसाव्यावर ३ लाख २९ हजार क्विंटलच्या घरात! अजून तेवीस घरे शिल्लकच आहेत. हे मुलांना तोंडाने सांगू नका. दहा-अकरा घरांपर्यंत खरोखर दाणे मांडायला लावा. दाणे नंतर परत डब्यात जातात, काही वाया जात नाही.

यातच पेपरातली एक हमखास चूक दडलेली आहे. ‘जिवाणूंची संख्या दर ३ तासांनी दुप्पट होते, तर १२ तासांनी किती पट होईल?’ मूल म्हणते, बारा भागिले तीन चार, चार दुणे आठ, म्हणून आठ पट. उत्तर सोळा पट आहे. चार वेळा दुप्पट म्हणजे दोनाचा चौथा घात, दोन गुणिले चार नव्हे. विरजणाचा चमचाभर रात्री दुधात घालतो आणि सकाळी पातेलेभर दही होते, ते याच हिशेबाने. २०२० साली करोनाच्या बातम्यांत ‘रुग्ण दुप्पट होण्याचा काळ’ हे शब्द रोज येत होते. तो काळ तीन दिवसांचा आहे की तीस दिवसांचा, यावर किती खाटा लागणार ते ठरत होते.

घट असली तरी रीत तीच. २०,००० रुपयांच्या शिलाई मशिनची किंमत दरसाल १० टक्क्यांनी घटते, तर तीन वर्षांनी किती? तीन दाहे तीस म्हणून ३० टक्के वजा करून १४,००० लिहिणारी मुले वर्गात निम्मी तरी निघतील. बरोबर उत्तर १४,५८०. कारण दुसऱ्या वर्षीची घट १८,००० वर आहे, २०,००० वर नाही. दर वेळी एकच प्रश्न विचारायची सवय लावा: हे टक्के कशावर?

आपल्या जिल्ह्याचेच गणित घ्या. २००१ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १५,२७,७१५ होती, २०११ मध्ये १८,३६,०८६. दहा वर्षांत सुमारे २०.१८ टक्के वाढ. मग वर्षाला किती? मुले २०.१८ ला १० ने भागून २.०२ टक्के म्हणतात. पण वर्षाला २ टक्के वाढ धरली तर दहा वर्षांत ती २१.९ टक्के होते, २० नव्हे. खरा वार्षिक दर सुमारे १.८५ टक्के येतो. आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून ‘त्याच दराने वाढली असती तर २०२१ मध्ये किती’ हे गणित करून पाहायला हरकत नाही. उत्तर २२ लाखांच्या थोडे वर येते. तो अंदाज आहे एवढे मात्र लिहायचे. लोकसंख्येचा दर दर दशकाला बदलतो, सावकाराच्या दरासारखा तो कागदावर बांधलेला नसतो. आणखी एक खाच सांगतो. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला. १९९१ चा जुन्या अखंड जिल्ह्याचा आकडा आणि २००१ चा आकडा शेजारी ठेवला, तर जिल्ह्याची माणसे कमी झाली असे वाटेल! आकडा कोणत्या हद्दीचा आहे, हेही वाचावेच लागते.

आईला इंग्रजी येत नसताना

आता मुलीच्या उताऱ्याकडे वळू. दहावीला तृतीय भाषा इंग्रजीचा लेखी पेपर ८० गुणांचा. त्यात पुस्तकातला उतारा असतो तसाच न पाहिलेलाही असतो. पुस्तकातल्या उताऱ्याची उत्तरे ‘अपेक्षित’मधून पाठ करता येतात, न पाहिलेला उतारा पाठ करायला जागाच नाही. म्हणून मुले त्याला घाबरतात. आणि म्हणूनच खरी तयारी त्याच्यावर करावी. तो जमला की बाकीचे आपोआप जमते.

घरी रोज अर्धा तास पुरतो. मुलीने पाच-सात वाक्यांचा एक परिच्छेद मोठ्याने वाचावा. पुस्तक मिटावे. मग तिने तो आईला मराठीत सांगावा, परीक्षेच्या मराठीत नाही, घरच्या बोलीत. आईने फक्त विचारायचे: कोण होते? कुठे? काय झाले? का झाले? मग पुढे? आईला इंग्रजीचे एक अक्षर येत नसले तरी चालते, किंबहुना तिला येत नाही हेच बरे. कारण मुलीला थापा मारता येत नाहीत. जिथे गोष्ट तुटते, जिथे ती ‘तसं काहीतरी’ म्हणते, तिथेच तिला कळलेले नाही. पुस्तक उघडून तेवढेच वाक्य पुन्हा वाचायचे. भाकरी थापता थापता हा अभ्यास घेता येतो.

प्रत्येक अवघड शब्दाला थांबायचे नाही. पहिल्या वाचनात अडलेल्या शब्दाखाली रेघ मारायची आणि पुढे जायचे. दहापैकी सहा शब्दांचा अर्थ शेजारच्या वाक्यांतून उलगडतो. उरलेल्या चारांसाठी शब्दकोश. मोबाईलवर अख्खा उतारा घालून त्याचे मराठी करून घेणारी मुले हल्ली दिसतात. परीक्षेच्या खोलीत मोबाईल नसतो, एवढे त्यांना सांगावे.

मोठ्या शब्दांपेक्षा छोटे शब्द दगा देतात. ‘अनलेस’ घ्या. ‘अनलेस इट रेन्स, द क्रॉप विल डाय.’ पाऊस पडला नाही तर पीक जाईल. ‘रेन्स’ आणि ‘डाय’ एवढेच दोन शब्द ओळखीचे म्हणून कितीतरी मुले ‘पाऊस पडला तर पीक मरेल’ असा अर्थ लावतात. परभणीच्या कोरडवाहू शेतीवर वाढलेल्या लेकराने असा अर्थ लावावा, म्हणजे डोक्याने वाचणे थांबले आणि डोळ्यांनी चालू राहिले. ‘बट’, ‘बिकॉज’, ‘दो’, ‘अनटिल’, ‘ओन्ली’ हे शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्यानंतर सर्वनामे. उताऱ्यात ‘इट’ किंवा ‘दे’ आले की ते कोणासाठी आले, त्यावर बोट ठेवायला लावा. उत्तर लिहिताना ‘व्हाय डिड शी लीव्ह?’ असा प्रश्न असेल तर उत्तरातले ‘डिड’ गळते आणि ‘लीव्ह’चे ‘लेफ्ट’ होते. हा एक बदल न केल्यामुळे बरोबर उत्तराचाही गुण कापला जातो.

आणि इथेच दोन भावंडे एका चटईवर का बसवायची ते येते. आता खूप शाळांत सेमी-इंग्रजी आहे, म्हणजे गणित इंग्रजीतून. अकरावी विज्ञानाला गेले की बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत सगळे इंग्रजीतूनच. तिथे गणित येत असलेली आपली मुले ‘बाय’ आणि ‘टू’ यांवर पडतात. मजुरी ४०० होती. ‘इन्क्रीज्ड टू ४५०’ म्हणजे ती ४५० झाली, ५० रुपयांची वाढ. ‘इन्क्रीज्ड बाय ४५०’ म्हणजे ती ८५० झाली, लॉटरीच लागली! ‘पर ॲनम’ म्हणजे दरसाल, ‘पर मंथ’ म्हणजे दरमहा, ‘हाफ-इयर्ली’ म्हणजे सहामाही, ‘क्वार्टर्ली’ म्हणजे तिमाही. ‘प्रिन्सिपल’ म्हणजे मुद्दल. मुख्याध्यापकांनाही तसेच म्हणतात, आणि त्या शब्दाचे स्पेलिंगही तेच आहे. ‘अमाउंट’ म्हणजे रास. ‘इंटरेस्ट’ म्हणजे व्याज, आणि इंग्रजीच्या उताऱ्यात तोच शब्द आवड या अर्थाने येतो. दहावीच्या ताईने आठवीच्या भावाचे गणित इंग्रजीतून वाचून त्याला मराठीत सांगावे, भावाने ते सोडवावे. तिचा उतारा होतो, त्याचे गणित होते. शिकवणीचे पैसे वाचले तर दोघांना मिळून एक चांगला शब्दकोश घ्या.

हा काही नवा प्रयोग नाही. बाबासाहेबांचे इंग्रजी पक्के केले ते सुभेदार रामजींनी, घरी. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून पाठ करून घेतली. पाठमाला म्हणजे दुसरे काय? या भाषेतले त्या भाषेत सांगणे. पुस्तकांना पैसे नसले की रामजीबाबा लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. १९०७ साली बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. ज्या घरात आज मूल ४० टक्क्यांवर आहे म्हणून नाराजी आहे, त्यांनी हा आकडा पाहावा. सोळा वर्षांनी, १९२३ साली, त्याच विद्यार्थ्याचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी आणि आकडे, दोन्ही त्यात होते.

सुभेदारांना स्वतःला इंग्रजी येत होते, आम्हाला कुठे येते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. आपल्यापैकी जे जिल्हा परिषदेच्या शाळेत २००० सालच्या आधी शिकले, त्यांना इंग्रजी पाचवीत भेटली. पहिलीपासून ती त्यानंतर आली. काहींची शाळा पाचवीच्या आतच सुटली. म्हणूनच वर सांगितलेली मराठीत सांगण्याची रीत. तिला फक्त ऐकणारा माणूस लागतो.

आठवीतल्या मुलांच्या पालकांसाठी एक खास सूचना. एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत असते, पुण्याची राज्य परीक्षा परिषद ती घेते. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० आणि शालेय विषयांचे ९० प्रश्न. अर्ज शाळेतूनच भरला जातो, म्हणून शाळा उघडली की मुख्याध्यापकांना विचारा. नंतर मुदत संपली म्हणून हळहळणारी पत्रे दरवर्षी येतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या गंगाखेड, सोनपेठकडच्या कुटुंबांना हे सारे कसे जमायचे, हा प्रश्न मला सुटलेला नाही. हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि परीक्षेच्या तोंडावर संपतो. कोयत्यावर गेलेल्या मुलाची कित्येक महिन्यांची शाळा बुडते आणि नेमका चक्रवाढीचा, घातांकाचा धडा त्यातच जातो. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, तिची शाळेत चौकशी करा. मागे राहणाऱ्या आजीजवळ मूल ठेवता आले तर ठेवा. सोबत न्यावेच लागले तर इंग्रजीचे आणि गणिताचे अशी दोन पुस्तके तरी गाडीत टाका. कोपीत आई रोटी करताना मूल वाचून दाखवू शकते.

कॉपीबद्दल थोडेच लिहितो. दहावीला खिडकीतून चिठ्ठी फेकून कोणाचे भले होते, हे मला कळलेले नाही. अकरावीच्या वर्गात तो मुलगा एकटा बसतो, आणि पुढे भरतीच्या परीक्षेत तर खिडकीही नसते.

या आठवड्याचे कोडे. आधी ताईने मोठ्याने वाचावे, मग भावाने सोडवावे. गावतळ्यात जलपर्णीचे एक झुडूप टाकले. ती रोज दुप्पट होते आणि बरोबर ३० दिवसांत तळे भरते. पहिल्याच दिवशी एकाऐवजी दोन झुडपे टाकली असती, तर तळे किती दिवसांत भरले असते? उत्तर पोस्टकार्डावर पाठवा, रीतही लिहा. उत्तर १५ नाही, एवढे आजच सांगून ठेवतो.